काढा, कायदा आणि प्रमाण : देशी औषधांच्या तपासणीचा इतिहास



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. वैद्य नाही, डॉक्टरही नाही. आमच्या नावामागे जो 'डॉक्टर' लागतो, त्याचा ताप उतरवायला काही उपयोग नाही, हे आमच्या घरचे आम्हाला वरचेवर ऐकवतात. मग औषधांवर बोलायचा अधिकार काय? तर विषय औषधांचा दिसत असला तरी मुळात तो प्रमाणाचा आहे. एखादी गोष्ट खरी आहे हे कशावरून मानायचं, हा तो प्रश्न. तिथं आमचा थोडाफार संबंध येतो.

सुरुवात याच परिसरापासून करू. १९५४ साल घ्या. त्या वर्षी १० मार्चला इथून पलीकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती, आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. त्याच वर्षी जादूटोण्याच्या आणि अचाट गुणांच्या औषधी जाहिरातींना आळा घालणारा कायदा संसदेनं केला. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला आपल्या देहूरोडला बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिन्ही गोष्टी एका वर्षातल्या, हा निव्वळ योगायोग. पण आजच्या विषयाला तिन्ही लागतात.

पेनिसिलिनची कुपी कारखान्यातून बाहेर पडायची ती चाचण्या होऊनच. टोचण्याच्या औषधाची प्रत्येक बॅच निर्जंतुक आहे का हे पाहायचं, सशाला टोचून त्याला ताप येतो का हे पाहायचं, मगच शिक्का. हा जगभरचा रिवाज होता. आणि त्याच कारखान्यातला कामगार संध्याकाळी घरी आला की पोट बिघडलं म्हणून जो काढा घ्यायचा, त्याची चाचणी कुणी केली होती? आजीनं. आजीच्या आजीनं. एकाच घरात दोन औषधं आणि दोन प्रमाणं. एकाला प्रयोगाचा दाखला, दुसऱ्याला परंपरेचा. या दुसऱ्या दाखल्याची किंमत किती, एवढंच आज बघायचं आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. झाडपाल्याला विषारी गुण असतात हे आपल्या लोकांना इंग्रजांनी शिकवलं, असं नाही. योग्य रीतीनं वापरलं तर जहाल विषही उत्तम औषध होतं आणि चुकीच्या रीतीनं वापरलं तर उत्तम औषधही विष होतं, हा विचार चरकसंहितेत स्पष्ट आहे. बचनाग शुद्ध केल्याशिवाय वापरायचा नाही, गोमूत्रात किंवा दुधात शिजवायचा, हे वैद्यांना ठाऊक होतं. आज रसायनशास्त्र सांगतं की शिजवल्यानं त्यातल्या ॲकोनिटीन या विषाचं विघटन होऊन पुष्कळ सौम्य द्रव्य तयार होतं. बिब्ब्याचंही तसंच. बिबा उतला की अंगावर कसे फोड येतात हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. तो विटेच्या भुकटीत घोळून शुद्ध करतात. भुकटी तेल शोषून घेते. 'बिबा घालणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगीच आलेला नाही. विषाची ओळख भाषेत मुरलेली आहे.

लेखी इतिहासात आपल्या बाजूला पहिलं मोठं नाव येतं ते गोव्यातल्या गार्सिया द ओर्ताचं. हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्याही उपचाराला असे. १५६३ मध्ये गोव्यात त्याचा औषधींवरचा संवादग्रंथ छापला गेला. त्यात धोतऱ्याचा प्रसंग आहे. अन्नातून धोतरा घालून माणसाला वेड्यासारखं करायचं आणि घर लुटायचं, असे प्रकार तेव्हा होत, आणि ओर्ता ते संवादात आणतो. म्हणजे औषधी वनस्पतीच्या पहिल्या छापील नोंदींतच विषबाधा आहे.

आता तीनशे वर्षं ओलांडून मुंबईत येऊ. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कुष्ठरोग्यांवर एका देशी औषधाचा उपचार सुरू केला. बोलबाला मोठा झाला. पण औषध कोणतं, हे त्यांनी बराच काळ उघड केलं नाही. पूर्ण खात्री झाल्याशिवाय सांगायचं नाही, ही त्यांची भूमिका. ते होतं कडू कवठीचं तेल. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. गरिबांचा डॉक्टर म्हणूनच त्यांचं नाव होतं. तरी तत्त्व म्हणून विचारू या : जे औषध दुसऱ्याला तपासता येत नाही, त्याला 'सिद्ध झालं' म्हणता येईल का? आम्ही म्हणू, नाही. गुपित आणि प्रमाण एका घरात नांदत नाहीत. आजही 'आमचा फॉर्म्युला आम्ही सांगत नाही' असं कुणी अभिमानानं म्हणालं की आम्हाला भाऊ दाजी आठवतात. तेवढा मोठा माणूससुद्धा इथं अडला होता.

भाऊ दाजींच्या मागोमाग दुसरी वाट काढणारी माणसं आली. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारातल्या औषधांची यादी प्रसिद्ध केली. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आपल्याला ते माहीत असतात; वनस्पतींचे जाणकार म्हणून कमी. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बामनदास बसूंचा मोठा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये निघाला. या मंडळींनी फार साधं पण पायाचं काम केलं. ही वनस्पती कोणती, हे आधी ठरवलं. कारण बाजारात एका नावानं चार मुळ्या मिळतात, आणि एका मुळीला चार गावांत चार नावं असतात. आधी ओळख, मग गुण, मग दोष. या क्रमात पहिली पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं, हे थोड्या वेळानं पुन्हा दिसेल.

आता कायदा. देशी-विदेशी औषधांतली भेसळ फार वाढली म्हणून १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिच्या शिफारशींतून पुढे १९४० चा औषध कायदा झाला. गंमत अशी, की आयुर्वेद आणि युनानी पद्धतींची औषधं या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळली होती. ती कायद्यात आली १९६४ च्या दुरुस्तीनं. त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण जोडलं गेलं. परवाना आला, आणि पुढे विषारी द्रव्यांची यादीही आली. अनुसूची ई-एक म्हणतात ती. अफू, धोतरा, गुंज, कण्हेर, जमालगोटा, बचनाग, कुचला, बिबा, पारा, हरताळ, मोरचूद अशी ती यादी आहे. पोटात घ्यायच्या औषधात यातलं काही असेल तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना लेबलावर हवी.

यादी वाचली की लक्षात येतं, यातलं जवळजवळ प्रत्येक द्रव्य विषारी असल्याचं वैद्यांना आधीच माहीत होतं. कायद्यानं परंपरेचं ज्ञान उचलून धरलं. ते योग्यच झालं. पण परंपरेला जे दिसलं नव्हतं, ते कायद्यालाही दिसलं नाही.

पुढे २०१० मध्ये नियम आणखी स्पष्ट झाले. १५८-ब हा तो नियम. शास्त्रोक्त ग्रंथातल्या पाठाप्रमाणे, त्यातल्याच उपयोगासाठी औषध बनवत असाल, तर सुरक्षिततेची वेगळी चाचणी लागत नाही. ई-एक यादीतलं द्रव्य असेल, किंवा पाणी आणि अल्कोहोल सोडून वेगळ्याच द्रावकानं अर्क काढला असेल, तर चाचण्या लागतात. तर्कशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर आप्तवाक्याला, म्हणजे शब्दप्रमाणाला, कायद्यानं मान्यता दिली. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहेच, आम्ही ते नाकारत नाही. पण आप्त कोण? ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो खरं सांगतो, तो. मग प्रश्न असा येतो, की ग्रंथकर्त्या वैद्याला कोणती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक असणं शक्य होतं?

आमच्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथं आहे. म्हणून जरा थांबू.

बचनागाची मुळी खाल्ली आणि माणूस काही तासांत गेला, तर कारण आणि परिणाम दोन्ही एकाच दिवसात दिसतात. परंपरा असं विष ओळखते, आणि अचूक ओळखते. पण समजा एखाद्या द्रव्यानं वीस वर्षांनी कर्करोग होतो. किंवा हजारो माणसांत एखाद्यालाच यकृताचा विकार होतो. गावातल्या वैद्याकडे उभ्या आयुष्यात किती रोगी येणार? त्यातला एक कावीळ होऊन गेला, तर लोक म्हणणार, कावीळ झाली, गेला. काढ्याचं नावही निघणार नाही. यात वैद्याचा दोष नाही. डोळ्यांना जेवढं अंतर दिसतं तेवढंच दिसणार. 'हजारो वर्षं लोक घेत आले, काही झालं नाही' या वाक्यातलं 'काही झालं नाही' म्हणजे 'काही लगेच झालं नाही', एवढंच.

दोन उदाहरणं सांगतो. पहिलं आपल्या घरातलं, वेखंड. बाळगुटीत वेखंड असतं. सहाणेवर एक-दोन वेढे उगाळायचे, त्याहून जास्त नाही. आजीला मात्रा ठाऊक होती. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, आणि आपल्याकडच्या वेखंडात ते जास्त असतं. जम्मूकडच्या वेखंडाचं तेल उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातलं तेव्हा त्यांच्या आतड्यांत गाठी आढळल्या, आणि १९६८ मध्ये अमेरिकेनं खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. आता घाबरून जाऊ नका. उंदराला रोज दिलेलं तेल आणि सहाणेवरचे दोन वेढे यांत फार फरक आहे. मुद्दा वेगळा आहे. तो दोष आजीला दिसण्याची शक्यताच नव्हती, तो दिसायला उंदीर आणि दोन वर्षं लागली.

दुसरं उदाहरण बेल्जियमचं. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी काही बायकांना चिनी वनस्पतींची भुकटी दिली गेली. पुष्कळ जणींची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. शोध घेतल्यावर कळलं, की सांगितलेल्या वनस्पतीऐवजी चिनी भाषेत जवळजवळ तेच नाव असलेली दुसरी वनस्पती, ॲरिस्टोलोकियाची एक जात, त्यात आली होती. नावाचा घोटाळा. सखाराम अर्जुन आणि कीर्तिकरांची पहिली पायरी इथं चुकली. २००२ मध्ये ही द्रव्यं असलेल्या वनस्पती माणसात कर्करोग करतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जाहीर केलं. याच कुळातली ईश्वरी आपल्याकडेही वापरात आहे.

आता कुणी म्हणेल, प्राध्यापक महाशय, आधुनिक औषधांनी माणसं मेली नाहीत का? मेली की. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फाच्या औषधात विषारी द्रावक घातला गेला आणि शंभरावर माणसं गेली. तेच डायएथिलीन ग्लायकॉल १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं, चौदा रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. आधुनिक औषध जात्याच निर्दोष आहे, असं मुळीच नाही. फरक इतकाच, की तिथं मेलेल्यांची मोजदाद होते, चौकशी होते, आणि तीतून नियम निघतो. चाचण्यांचे नियम म्हणजे एका अर्थी मेलेल्या माणसांनी मागे ठेवलेला वारसा आहे.

आणि देशी औषध नीट तपासलं तर काय होतं, हेही मुंबईनंच दाखवलं. सर्पगंधा आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर वापरत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरचा परिणाम लिहिला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले. जगानं दखल घेतली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसर्पीन वेगळं काढलं गेलं, आणि रक्तदाबावरचं औषध म्हणून ते जगभर गेलं. आणि मग, जगभर गेल्यामुळेच, दुसरी बाजू दिसली. काही रुग्णांना खोल उदासी येऊ लागली. गुण आणि दोष एकाच दारानं आत आले. औषध मोठं होतं ते असं. दोष लपवून कुणी मोठं होत नाही.

आता अलीकडचं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन भागातल्या दुकानांतून सत्तर आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली. चौदांमध्ये, म्हणजे पाचात एकात, शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आपल्याकडे खळबळ उडाली. सरकारनं १ जानेवारी २००६ पासून वनौषधींच्या निर्यातीच्या मालाला जड धातूंची चाचणी सक्तीची केली. नीट ऐका, निर्यातीच्या मालाला. चाकण-भोसरीत ज्यांनी नोकरी केली त्यांना हे नवीन नाही. एक्स्पोर्टचा माल वेगळा तपासतात. पण गिअरचा सुटा भाग आणि पोटात जाणारी गोळी यांत फरक करायला हवा होता. बोस्टनच्या पोटाची काळजी आधी आणि देहूरोडच्या पोटाची नंतर, हा क्रम आम्हाला तेव्हाही लागला होता आणि आजही लागतो.

आता गुळवेल. इथं आम्हाला स्वतःबद्दलही थोडं बोलावं लागणार आहे.

केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. १९९३ मध्ये, पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या आणि शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णांत गुळवेलीचा फायदा दिसला, असं त्यांनी प्रसिद्ध केलं. गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते, हे त्यातलं सूत्र. मग २०२० आलं. करोना आला. गुळवेलीचा काढा घरोघर पोहोचला. आणि त्याच मुंबईत, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत, डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. सहाही जण गुळवेल घेत होते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी, तसं ते चित्र होतं. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आयुष मंत्रालयानं हरकत घेतली : रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलीच नव्हती, ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया नसून तिच्यासारखी दिसणारी क्रिस्पा असू शकेल. पुढे २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून त्रेचाळीस रुग्ण मांडले. मंत्रालयानं गुळवेल सुरक्षित असल्याचं पुन्हा सांगितलं.

आम्हाला इथं दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. 'वनस्पती कोणती हे आधी ठरवा' ही हरकत रास्त आहे. पण ती उलटून बसते. कारण रुग्णानं घेतलेल्या बाटलीत कोणती वेल आहे हे जर डॉक्टरांना, मंत्रालयाला, कुणालाच खात्रीनं सांगता येत नसेल, तर ती बाटली सुरक्षित आहे हे तरी खात्रीनं कसं सांगता येईल? आणि १९९३ चा फायदा व २०२० चा अपाय यांत विरोध असलाच पाहिजे असं नाही. प्रतिकारशक्तीला चालना मिळणं एका रुग्णाला तारक, तर ज्याची प्रतिकारशक्ती आधीच बिथरलेली, त्याला मारक. मात्रा वेगळी, मुदत वेगळी, प्रकृती वेगळी. आयुर्वेदालाही हे परकं नाही. प्रकृती पाहून औषध द्यावं, हे तर त्याचंच सांगणं. सगळ्या सोसायटीला एकच काढा, हे आयुर्वेदात कुठंच बसत नाही.

आणि तो सोसायटीचा काढा आम्हीच सुरू केला होता. टाळेबंदीत कुंपणावरच्या कडुनिंबावर वेल चढली होती. ती गुळवेल, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. निदान आमची तशी समजूत. आम्ही शेजाऱ्यांना सांगितलं, रोज सकाळी घ्या. एका शेजाऱ्यांनी आमच्या शब्दावर चार महिने घेतला. मास्तर सांगतात म्हणून. पुढे त्यांना कावीळ झाली. रुग्णालयात कुणी काढ्याचं विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही. 'काढा म्हणजे काय औषध आहे का?' असं ते नंतर आम्हाला म्हणाले. यथावकाश बरे झाले. काढ्यामुळे कावीळ झाली का? आम्हाला माहीत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असेल, काकतालीय न्यायानं. पण कारण ठरवायची रीत आपल्याच शास्त्रात आहे. अन्वय आणि व्यतिरेक. द्रव्य आहे तिथं परिणाम दिसतो का, आणि द्रव्य काढलं की परिणाम जातो का. ते पाहायचं तर कुणीतरी विचारायला हवं, कुणीतरी सांगायला हवं, कुणीतरी लिहून ठेवायला हवं. यातलं काहीच झालं नाही. चाळीस वर्षं आम्ही प्रमाणशास्त्र शिकवलं, आणि कुंपणावरची वेल आम्ही कुठल्या प्रमाणावर दुसऱ्याच्या पोटात घातली? ऐकीव. ही टोचणी आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

बुद्धानं कालामांना जो उपदेश केला तो या गावात सांगणं उचित होईल. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. स्वतः पाहून अहितकर ठरेल ते सोडा, हितकर ठरेल ते धरा, असा त्याचा आशय आहे. परंपरा टाकून द्या, असं त्यात नाही. परंपरेला साक्षीदार म्हणून बोलवा, पण उलटतपासणी घ्या.

तर घरी जाताना चारच गोष्टी. डॉक्टरांकडे गेलात की काढा, चूर्ण, भस्म, सगळं सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटक छापलेले नसतील ते औषध घेऊ नका, मग देणारा कितीही ओळखीचा असो. आधीच यकृताचा किंवा थायरॉइडसारखा विकार असेल, किंवा गरोदरपण असेल, तर 'नैसर्गिकच आहे' यावर विसंबू नका. बचनागही नैसर्गिकच आहे. आणि काही बाधलं तर वैद्यांना, डॉक्टरांना सांगून त्याची नोंद करायला लावा. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा आता आहे. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचं राष्ट्रीय केंद्र आहे. पण ती चालते नोंदींवर, आणि नोंदी तुमच्याआमच्याकडूनच जाणार.

आजीला जेवढं दिसलं तेवढं तिनं आपल्याला दिलं. तिला जे दिसू शकत नव्हतं ते पाहून नातवंडांना देणं, हे आपल्याकडे आलेलं काम आहे. कुंपणावरची वेल अजून आहे. शेजारी अजून विचारतात, मास्तर, घ्यावा का काढा? आम्ही म्हणतो, आधी रक्त तपासा, वैद्यांना वेल दाखवा, मग बोलू.